बाई, कोण्या गावच्या तुमी?

काय सांगू तुम्हाला, माणसानं दुनियेत कोणालाही गाव विचारावं, पण सोताच्या बायकोला विचारू नये. मी विचारलं. भर दुपारी, चार माणसांदेखत, हातात खडा घेऊन विचारलं. कवठदरीकडून एक बाई पायी येऊन राहिली होती, डोक्यावर पदर, तोंडाला रुमाल बांधलेला, नुसते डोळे उघडे, आता चैताच्या उन्हात आमच्याकडं समद्याच बाया तशा दिसतेत, आणि माझ्या डोळ्यापुढं उन्हाची झळाळी, मी आपला कामाच्या तोऱ्यात म्हणलो, बाई, कोण्या गावच्या तुमी? बाई थांबली. पिशवीतून डबा काढला, माझ्या पान्यांच्या पेटीवर ठेवला. मला आधी डबा वळखू आला, मग बायको. पंक्चर काढायला थांबलेले ट्रॅक्टरवाले असे हसले की एकाचा चहा नाकात गेला. ती हसली न्हाई. ती म्हणली, तुमीच ठरवा, खडा तुमच्याच हातात हाये. आणि निघून गेली सांगवाडीकडं, तिच्या आईकडं.

तो खडा कसला आणि मी शिवेवर खडे घेऊन काहून बसलो होतो, ते सांगतो, पण जरा मागून सांगावं लागंल. तुमी रस्त्याची गोष्ट लिहून घ्यायला आले, तर बसा नीट, ती खुर्ची हालते, त्या टायरवर बसा, ते मजबूत हाये.

माझं नाव गंगाधर. जन्म कवठदरीचा, डोंगरकडा गावाच्या अलीकडं जे केळीचं शिवार लागते ना, त्याच्या आत. बाप सायकली भाड्यानं द्यायचा. सायकली गेल्या, मोटरसायकली आल्या, बापाचा पंप आणि पाण्याचं घमेलं तेवढं माझ्याकडं राहिलं. त्याच्यावर मी हे दुकान टाकलं, दुकान म्हणजे काय, चार पत्रे, एक हवेची टाकी आणि ह्या लिंबाची सावली. कवठदरी आणि सांगवाडीच्या बराबर शिवेवर. आमच्या पंचायतीला वाटते दुकान सांगवाडीच्या हद्दीत हाये, सांगवाडीला वाटते कवठदरीच्या, म्हणून पट्टी मागायला कोणी येत न्हाई आणि मीही कोणाचा गैरसमज दूर करायला जात न्हाई.

बायको सांगवाडीची. मथुरा. आमच्या लग्नाचं सांगतो, वऱ्हाड ट्रॅक्टरमधून ह्याच रस्त्यानं चाललं होतं आणि बसलं की हो चाक. नवरदेव मीच, पंक्चरवाला मीच. मुंडावळ्या कानामागं सारल्या, हळदीच्या हातानं ट्यूब काढली, चिकटवली, हवा भरली. तिकडं मांडवात मुहूर्त टळून राहिला होता. सासरे म्हणले, असू द्या, पोरगं कामाचं दिसते. तवापासून सांगवाडीत मी कामाचा पाव्हणा. लेकरांना ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली की आता मी मुंडावळ्या म्हणलं की ते उठून जातेत.

तर मी कवठदरीचा लेक आणि सांगवाडीचा जावई, आणि बसतो शिवेवर. असा माणूस भांडणात लई उपयोगी पडतो, आणि भांडण होतंच.

भांडण ह्या रस्त्याचं. आज तुमी ज्याच्यावरून गाडी सुसाट आणली ना, त्याच्यावर तवा डांबर शोधावं लागायचं. आमच्या केळीच्या ट्रकांनी त्याचं पार पीठ केलं होतं. बाळंतपणाची बाई ह्या रस्त्यानं नेऊ नका म्हणायचे लोक, वाटंतच व्हते म्हणून. माझं मात्र बरं चाललं होतं. खोटं काहून बोलू, एकेक खड्डा मला महिन्याचा किराणा आणून द्यायचा. रस्ता व्हावा असं मी चारचौघात म्हणायचो आणि घरी येऊन ट्यूबा मोजायचो.

मंग तालुक्याहून निरोप आला की रस्ता मंजूर हाये, पण वाट्याची लोकवर्गणी दोन्ही गावांनी मिळून आधी भरा. झालं. सांगवाडीवाले म्हणले, रस्ता फोडला कोणी, तुमच्या केळीनं, भरा तुमी. आमच्या गावचे म्हणले, रस्त्याची लांबी पाहा, शिवेच्या तिकडं जास्त हाये, तुमच्या शिवारातून जातो, भरा तुमी. दोन्ही गावांत पोरी दिल्या-घेतल्या हायेत, एकमेकांच्या लग्नात पंगती उठवल्या हायेत, पण वर्गणी म्हणलं की कोणी कोणाचं न्हाई. एका गावानं दुसऱ्याच्या गावात बैठकीला जायचं तरी कमीपणा वाटायचा. म्हणून बैठक कुठं, तर माझ्या दुकानापुढं, ह्या लिंबाखाली. आमच्या गावचे सरपंच नामदेवराव, आणि सांगवाडीच्या सरपंच प्रज्ञाताई. ताई आधी अंगणवाडी चालवायच्या, त्यामुळं म्हाताऱ्या माणसांनाही त्या लेकरासारखं समजावून सांगतेत.

प्रज्ञाताई म्हणल्या, जो वापरील तो भरील. आठ-पंधरा दिवस मोजू, कोण्या गावचं किती येते-जाते, त्याच्यावरून वाटा ठरवू. सगळ्यांना पटलं. मोजणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी दिवसभर तिथंच असतो, दोन्हीकडचा हाये, आणि मला, खरं सांगतो, अशी फुशारकी चढली की जसं काही मी हायकोर्टात बसलो. दोन घमेली मांडली, एक माझं ट्यूब पाण्यात तपासायचं, ते कवठदरीचं, आणि एक ताईंनी पाठवलेलं, ते सांगवाडीचं. कोणी गेलं-आलं की ज्याच्या त्याच्या घमेल्यात खडा टाकायचा. पायी माणसाला एक, मोटरसायकलला दोन, ट्रॅक्टरला चिमूटभर, ट्रकला मूठभर. खड्यांची काय कमी, रस्ताच देत होता.

मंग नामदेवरावांनी विचारलं, माहेरी येणाऱ्या-जाणाऱ्या बायांचं काय? त्या कोणाकडं धरायच्या? सगळे एकमेकाकडं पाहू लागले. आणि मी, मला कोणी विचारलं नव्हतं, मी हात वर करून म्हणलो, त्याच्यात काय विचारायचं, लेक एकदा दिली, अक्षता पडल्या, की ती सासरच्या गावची. माहेरचा तिच्याशी काय हिशोब. वा वा झाली. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. प्रज्ञाताई एकट्या माझ्याकडं पाहत राहिल्या, मंग म्हणल्या, बरं, पाव्हणं, तुमी म्हणता तसं.

माझं हे बोलणं माझ्याआधी घरी पोचलं. मथुरानं ताट वाढलं आणि आत निघून गेली. मला वाटलं दमली असंल.

आता तिच्या आईचं सांगतो. माझी सासू, मी मामी म्हणतो. मामा वारले, मेव्हणा नांदेडला कामाला, मामी घर सोडून जायला तयार न्हाई. गुडघे गेलेले. मथुरा रोज दुपारी, मला डबा देऊन, आणि सांजच्याला पायी जायची, भाकर टाकायची, गुडघ्याला तेल लावायची, अर्धा घंटा बोलायची, परत. मामी ओट्यावर बसायच्या, तिथून रस्ता दिसतो, लेक वळणावर दिसली की चहाचं आधण ठेवायच्या. म्हातारीचा दिवस काय, तर ती दोन आधणं.

तर ती रोज माझ्या दुकानावरून जायची आणि मी रोज खडा टाकायचो. कवठदरीच्या घमेल्यात. मीच केलेला कायदा. आणि फक्त तीच न्हाई, आमच्या गावात पाणी हाये, केळी हाये, म्हणून सांगवाडीच्या लेकी आमच्याकडं लई दिलेल्या. आमचं घमेलं भरू लागलं. नामदेवराव सांजच्याला पाहून जायचे, त्यांचा चेहरा उतरायचा. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणले, गंगाधर, राग मानू नको, पण तुझ्याच घरचे खडे जास्ती हायेत बाबा. मोजणी होईस्तोवर तिला जरा कमी जाय म्हण. गावाचा सवाल हाये.

मी म्हणायला पाहिजे होतं की नामदेवराव, त्या म्हातारीच्या पोटाचा सवाल हाये. पण मला मी न्यायी माणूस हाये असं वाटून राहिलं होतं ना. न्यायी माणसानं सुरुवात सोताच्या घरापासून करावी. मी घरी गेलो, तिच्याकडं न पाहता, चपलेचा अंगठा नीट करत करत म्हणलो, मोजणी संपेपर्यंत रस्त्यानं जरा कमी जात जा. ती म्हणली, बरं. एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून ती रस्त्यावर दिसली न्हाई. दुसऱ्याही बाया कमी झाल्या. डबा मी सकाळीच सोबत नेऊ लागलो. मला वाटलं, ऐकलं हो आपलं. चार दिवस घरी राहिल्यानं काय बिघडते, शेजारीण देईल म्हातारीला भाकर. हे मी वाटून घेतलं, विचारलं न्हाई. काहून की विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

त्या बाया ओढ्यातून जायच्या. जुनी पांदण, बैलगाडीची वाट, हाये खालून, बाभळीच्या झुडपांनी बुजलेली, दुप्पट लांब, सावलीला मोठं झाड न्हाई. नवऱ्याच्या गावावर आपला भार नको म्हणून आमच्या गावच्या लक्ष्म्या काट्यातून माहेरी जाऊन राहिल्या होत्या आणि मी वर लिंबाखाली बसून न्याय करत होतो. एका सांजेला पाहिलं, मथुरा उंबऱ्यात बसून पिनेनं टाचेतला काटा काढत होती. मी म्हणलो, काहून गं, काय झालं? ती म्हणली, रानात गेले होते. आता मी पंक्चरवाला माणूस. चाकात काटा बाभळीचा हाये का बोरीचा, हे मी नुसतं भोक पाहून सांगतो, लोक टाळ्या देतेत. आणि बायकोच्या टाचेतला काटा कोणत्या वाटंचा, ते मला कळलं न्हाई. का कळलं होतं? हे तुमी लिहून घ्या का नका घेऊ, पण मला वाटते थोडं कळलं होतं.

मामींना मात्र लेक वळणावर दिसंना. मागच्या दारानं, घामाघूम, पायात काटे घेऊन यायची. त्यांनी विचारलं, ही बोलंना. मंग त्यांनी प्रज्ञाताईला विचारलं. ताईनं सांगितलं सगळं.

त्या दिवशी दुपारी मी ट्यूब घासत होतो. सांगवाडीकडून काठी टेकत टेकत कोणीतरी येऊन राहिलं होतं, चार पावलं आणि थांबा, चार पावलं आणि थांबा. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, सांगवाडीचा एक खडा आला. मी खडा उचललासुद्धा. जवळ आल्यावर पाहिलं तर मामी. ज्या बाईला ओट्यावरून न्हाणीत जायला आधार लागायचा, ती शिवेपर्यंत चालत आलेली, तोंड लालबुंद, ओठ सुकलेले. मी धावलो, टायरवर बसवलं. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, जावयापुढं पदर पडू द्यायच्या न्हाईत कधी, आणि म्हणल्या, पाव्हणं, माझा खडा टाका. सांगवाडीत टाका. आता रोज मीच इथपर्यंत येत जाईन, मथुरीला इथंच बोलवा, म्हणजे तुमच्या गावावर भार न्हाई.

मी माठातला तांब्या भरला, पुढं केला. त्यांनी हात पुढं केला, मंग मागं घेतला. म्हणल्या, पाणी कोण्या गावचं?

तुमाला हे ठाव असंल-नसंल. आमच्याकडच्या जुन्या माणसांत लेकीच्या घरचं पाणी पीत न्हाईत. काही लोक नातू झाला की प्यायला लागतेत. पण मामींच्या घरी लई कडक, जिथं लेक दिली त्या अख्ख्या गावचं पाणी वर्ज्य. आमची लेकरं मोठी झाली, मामी बारशाला आल्या, पोरीच्या लग्नाला आल्या, दरवेळी सोताची बाटली सोबत. त्या दिवशी बाटली आणायचं त्यांना सुचलं न्हाई. आणि माझा माठ मी रोज घरच्या नळावरून भरायचो. खोटं बोलता आलं असतं. सांगवाडीचं हाये म्हणलं असतं तर संपलं असतं. पण त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी खाली मान घालून म्हणलो, कवठदरीचं.

त्या म्हणल्या, मंग राहू द्या. आणि रागानं न्हाई हो, राग असता तर बरं झालं असतं, साध्या आवाजात म्हणल्या, पाव्हणं, तुमी बैठकीत बोलले ते मला सांगितलं लोकांनी. बराबर बोलले तुमी. लेक दिली की दिली. म्हणून तर मी त्या गावचं पाणी टाकलं. पण पाणी टाकलं, लेक न्हाई टाकली.

मी म्हणलो, मामी, बसा, आत्ता आणतो. सांगवाडीच्या शिवारातली पहिली बोअर तशी जवळच. तांब्या घेतला, गाडीवर बसलो, आणि गाडी एका लाथेत कधी चालू व्हते? दुसरी मारली, तिसरी मारली, पाय सटकला आणि लागला तो थेट घमेल्याला. एक घमेलं दुसऱ्यावर. दोन्ही उलटी. आठवडाभराचा न्याय रस्त्यावर सांडला, कवठदरी कोणती आणि सांगवाडी कोणती, सगळी खडी एक. मला तिकडं पाहायलाही फुरसत नव्हती. गाडी पेटली, मी गेलो.

पाणी घेऊन आलो तवा मामी आडव्या झालेल्या, डोकं मथुराच्या मांडीवर. आई घरात न्हाई म्हणून ती ओढ्यातून वर शोधत आली होती, साडीला सगळी कुसळं. तिनं माझ्या हातातून तांब्या घेतला, आईचे ओठ भिजवले. माझ्याकडं एकदाही पाहिलं न्हाई. केळीचा टेम्पो थांबवून मामींना डोंगरकड्याला दवाखान्यात नेलं. तो रस्ता, ते खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्याला म्हातारी नुसती व्हय व्हय करायची, जसं कोणी तिला काही विचारून राहिलंय. ज्या खड्ड्यांवर माझं घर चाललं ते सगळे मी त्या दिवशी एकेक वळखले.

ऊन लागलं होतं. सलाईन लावल्यावर हुशारी आली, वाचल्या. पण गुडघे गेले ते गेलेच.

आता ह्याच्यापुढचं ऐका, ह्याच्यासाठीच मला तुमच्यापुढं बसायची शरम वाटून राहिली होती. त्या दुपारी रस्त्यानं येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी लांबून पाहिलं होतं की गंगाधरनं दोन्ही घमेल्यांना लाथ मारली. गावात बातमी झाली, सासूची हालत पाहून गंगाधर भडकला, म्हणला असला कसला हिशोब, आणि खडे उधळून दिले. दोन्ही गावं खाली पाहू लागली. नामदेवराव सोता दवाखान्यात आले, म्हणले, गंगाधर, तू आमचे डोळे उघडले. प्रज्ञाताईंनी बैठक बोलावली, म्हणल्या, अर्धं तुमी, अर्धं आमी, आणि लेकी दोन्ही गावच्या. कोणी विरोध केला न्हाई. वर्गणी भरली, पाऊस सरल्यावर रस्ता झाला. आणि मी? मी म्हणायला पाहिजे होतं की बाबांनो, ती लाथ गाडीला होती. दरवेळी तोंड उघडायचो, समोरचा हात जोडायचा, मी तोंड मिटायचो. आदर मोठा वाईट असतो, एकदा मिळाला की परत करवत न्हाई.

आता रस्ता असा झाला की माझ्याकडं दिवसाला एखादं चाक येते, ते पण खिळा लागला तर. हवा भरायला लोक येतेत, गप्पा मारून जातेत. मथुरा रस्त्यानं जाते, दोन्ही वेळा. पण वळणावर ती दिसली तरी आधण कोणी ठेवत न्हाई, मामी ओट्यावर पडून असतेत, तिथून नुसतं पाहतेत. चहा आता लेकच करते.

मागच्या महिन्यात, थंडीत, रस्त्याचं उद्घाटन झालं. ह्याच लिंबाखाली मांडव. दोन्ही पंचायतींनी अर्ध्या अर्ध्या पैशानं शाल आणली आणि माझा सत्कार केला. नामदेवरावांनी एक टोक धरलं, प्रज्ञाताईंनी एक, आणि माझ्या खांद्यावर टाकली. टाळ्या वाजल्या. मथुरा बायांत बसली होती, ती टाळ्या वाजवत नव्हती, वाजवत न्हाई असंही नव्हतं, हात नुसते एकावर एक.

घरी आलो. शाल काढली, तिच्यापुढं ठेवली. पहिल्यांदा तोंडातून निघालं, म्हणलो, मथुरा, ती लाथ मी गाडीला मारली होती.

ती म्हणली, ठाव हाये. गाडी चालू करताना तुमचा पाय रोजच सटकतो.

मी म्हणलो, मंग ही शाल मी कशी घेऊ? मामींना दे. ओट्यावर थंडी लागत असंल.

तिनं शाल उचलली, अंगठ्यानं पोत पाहिला, घडी घालू लागली. पहिली घडी घातली आणि थांबली. म्हणली, कवठदरीची म्हणलं तर आई हात लावणार न्हाई. अर्धी सांगवाडीची हाये, असं सांगून पाहते, तेवढी पांघरील ती. उरलेली अर्धी तुमच्याच अंगावर राहू द्या.